मराठवाड्यातल्या खाण्याचं लेबल करण्याआधी: नव्या डिझायनरांसाठी

लातूर, बीड, परभणी, जालन्यात ग्राफिक डिझाइनचं काम नव्यानं सुरू केलं की पहिल्या वर्षात येणारी बरीचशी कामं खाण्याची असतात. बचत गटाच्या चटणीचं लेबल, हुरडा पार्टीचं पोस्टर, खानावळीचं मेनूकार्ड, यात्रेतल्या स्टॉलचा फ्लेक्स. ही कामं साधारण एकाच साच्यात उरकली जातात. नऊवारीतली नथ घातलेली बाई, बाजूला जातं, कडेनं वारली माणसांची रांग, मागे केळीचं पान आणि खाली ‘अस्सल गावरान चव’. यातलं जवळजवळ काहीही त्या पदार्थाशी किंवा तो करणाऱ्या माणसांशी जुळत नाही. चटणी करणाऱ्या बाईंना ते लेबल आपलं वाटत नाही आणि विकत घेणाऱ्यालाही ते शेजारच्या दहा पाकिटांपेक्षा वेगळं दिसत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पदार्थ कोण करतं, कसा करतं आणि कुणासोबत खातं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय संगणक उघडू नका. ते बघून कागदावर कसं आणायचं, ते पुढे सांगतो. समजा, एका बचत गटाच्या येसराचं लेबल करायचं आहे. तेच उदाहरण अधूनमधून घेऊ.

आधी काम लहान करा

‘मराठवाड्याची खाद्यसंस्कृती’ असा विषय घेऊन बसलात तर हाती फक्त सजावट लागेल. एक पदार्थ घ्या, एक वस्तू घ्या आणि ती कुणाच्या हातात जाणार ते विचारा. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. घरागणिक त्याचं प्रमाण बदलतं. लग्नघरात ते भरपूर करून ठेवतात, पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की आमटी तयार. हे येसर पुण्यात नोकरीला असलेल्या लातूरकराला विकायचं असेल तर त्याला ‘येसर’ एवढा शब्द पुरतो. ज्यानं ते कधी खाल्लं नाही त्याला विकायचं असेल तर आमटी कशी करायची हे पाकिटावर ठळक हवं. दोन्ही गिऱ्हाइकांसाठी एकच लेबल करायला गेलात तर दोघांपैकी कुणालाच ते नीट लागणार नाही. गटाशी बोलून एक ठरवा आणि पुढे चला.

मग चुलीपाशी जाऊन बसा

ही पायरी टाळून चालणार नाही, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून भागणार नाही. ज्या घरात पदार्थ होतो तिथे, तो होत असतानाच्या वेळी जा. आधी विचारून जा. मोबाइल लगेच काढू नका. मावशी म्हणायचं की आक्का, ताई की खाला, हे घरातली लोकं काय म्हणतात ते ऐकून ठरवा.

काय बघायचं ते भाकरीवरून सांगतो, कारण आपल्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या पोस्टरवर भाकरी असते आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते. ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात कालवून परातीत किंवा काठवटीत तळहातानं मळतात. गोळा कोरड्या पिठावर थापतात. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर राहते आणि त्या बाजूवर लगेच हातानं पाणी फिरवतात. पाणी सुकलं की भाकरी उलटतात, मग चुलीच्या तोंडाशी आराला लावून उभी करतात आणि ती फुगते. आता जवळून बघा. पाणी फिरवलेल्या बाजूवर बोटांच्या अर्धगोल, पुसट खुणा असतात. कड एकसारखी गोल नसते, तिथे बारीक चिरा पडलेल्या असतात. डाग मोठे आणि काळे नसतात, ते तपकिरी आणि विखुरलेले असतात. पापुद्रा सुटतो तिथे रंग जरा उजळ दिसतो. स्टॉक फोटोंमधून किंवा एआयकडून ‘भाकरी’ मागवली तर हमखास तंदुरी रोटी नाहीतर मेक्सिकोचा टॉर्टिया येतो. आपल्या भागातला माणूस तो लांबूनच ओळखतो आणि त्याच क्षणी पाकिटावरचा त्याचा विश्वास जातो.

बोटांच्या त्या अर्धगोल खुणा हा डिझाइनचा कच्चा माल आहे. कागदावर ठसा घ्या, स्कॅन करा, फिकट करून पार्श्वभूमीला वापरा. कुठल्याही विकतच्या टेक्स्चरपेक्षा ते आपलं असेल.

येसराच्या घरी हेच करा. कढईत धान्य कोणत्या क्रमानं पडतं, भाजल्यावर रंग कसा बदलतो, दळायला गिरणीत नेतात की मिक्सर लावतात, पीठ कशात साठवतात, मोजायला वाटी की पेला. सगळं वहीत लिहा, चित्रं काढा. त्या बायका आपसात पदार्थाला काय म्हणतात तेही टिपा. जेवायला काय केलंय असं न विचारता ‘कोरड्यास (म्हणजे भाकरीशी खायला भाजी-आमटी) काय केलंय?’ असं विचारणाऱ्या घरात तुम्ही बसलेले आहात, हे लेबलवरच्या भाषेत उतरलं पाहिजे.

चुलीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ‘चुलीवरचं’ हा शब्द शहरातल्या गिऱ्हाइकाला ओढतो, म्हणून धूर निघणारी चूल चित्रात सर्रास येते. जी बाई पहाटेपासून त्या धुरात बसते तिच्यासाठी चूल म्हणजे डोळ्यांची आग आणि सरपणाची पायपीट असते. गट गॅसवर भाजत असेल तर लेबलवर चूल काढणं सरळ खोटं आहे. चुलीवरच भाजत असेल तर काढायची की नाही, हे त्यांना विचारा. कित्येक जणी नको म्हणतील. त्यांना आपली नवी गिरणी, स्टीलचे स्वच्छ डबे आणि डोक्याला बांधलेलं फडकं दाखवायचं असतं. तो त्यांचा अभिमान आहे आणि लेबलवर त्याला जागा मिळायला हवी.

कुठला मराठवाडा?

आठ जिल्हे, आणि ताट आठही ठिकाणी सारखं नाही. लातूर, धाराशिवला कर्नाटकाचा शेजार आहे, नांदेडला तेलंगणाचा. नांदेडात हुजूर साहिबचा लंगरही आहे. छत्रपती संभाजीनगरात नान खलिया आहे, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला असं सांगतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे परभणी-नांदेडकडची तहरी (मसाल्याचा भात) आणि ज्वारीची भाकरी एकाच गल्लीत शिजतात. ‘मराठवाडी थाळी’ असं मोघम लिहिण्याऐवजी तालुक्याचं नाव घ्या.

भौगोलिक मानांकनाचा (जीआय), म्हणजे अमुक गावचा माल म्हणून मिळालेल्या सरकारी नोंदणीचा, इथे उपयोग होतो. वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, कुंथलगिरीचा खवा, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्ती कोथिंबीर या सगळ्यांना ते मिळालेलं आहे. गट खरोखर तिथला माल वापरत असेल तर तसं लिहा. मानांकनाचं चिन्ह मात्र नोंदणीकृत वापरकर्त्यालाच लावता येतं, तेव्हा ते परस्पर चिकटवू नका.

सणाचं पोस्टर करताना तर हा भेद फारच जाणवतो. लातूर आणि धाराशिवमध्ये मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते, म्हणजे वेळ अमावस्या. शहरातली दुकानं बंद असतात, घरं शेतात गेलेली असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करून तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा होते. तूर, हरभरा, वाल, वाटाणा आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या एकत्र करून बेसन लावलेली भज्जी, ज्वारीचे-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला आवर्जून जेवायला बोलावतात. या सणाचं पोस्टर करायला घेतलेला नवखा डिझायनर पणत्या, रांगोळी आणि तोरण लावून मोकळा होतो, कारण ‘सण’ म्हटलं की संगणकावर तेच सापडतं. येळवशीचं चित्र उघड्या रानात आहे. डिसेंबरचं तिरकं ऊन, हिरव्या हरभऱ्यात उभी पिवळट कोप, तिच्यापुढे घोंगडी अंथरून बसलेली वीस-पंचवीस माणसं. त्यात घरची किती आणि बोलावलेली किती, हे ओळखू येत नाही. चित्रात तेवढं आलं तरी पोस्टर झालं.

कुणाचं ताट दिसतंय, कुणाचं नाही

जेवण म्हटलं की चित्रात पुरणपोळी, वरणभात, डावी-उजवी बाजू नीट लावलेलं पान येतं. ते काही घरांचं ताट आहे, सगळ्यांचं नाही. बहुतेकांच्या रोजच्या जेवणात ताटलीतल्या कालवणात भाकरी कुस्करलेली असते, बाजूला कांदा आणि ठेचा. मराठवाड्यातल्या दलित घरांचं खाणं तर पोस्टरवरून जवळपास गायब आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात त्याची सविस्तर नोंद केली आहे. खाण्याशी संबंधित डिझाइन करणाऱ्यानं ते वाचायलाच हवं. जे पदार्थ गरजेपोटी, नाकारलेपणातून तयार झाले त्यांना चटकदार, ‘हटके’ म्हणून सजवून विकण्याआधी थांबा. विकायचं की नाही, कसं दाखवायचं, हा निर्णय त्या घरातल्या माणसांचा आहे.

दुष्काळाच्या आठवणीही खाण्याला चिकटलेल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि रोजगार हमीच्या कामावर सुकडी हा कोरडा खाऊ. त्या पिढीतल्या माणसाला तांबड्या ज्वारीचं कलात्मक चित्र भूक आठवून देऊ शकतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबासाठी फडक्यात बांधलेली भाकरी हा प्रवासाचा आणि फडातल्या कष्टाचा भाग आहे, सहलीची गंमत नव्हे. असं चित्र वापरायचंच असेल तर शेजारी कोणता मजकूर आहे ते दोनदा वाचा.

मुस्लिम घरगुती व्यवसायाचं काम असेल तर हिरवा रंग आणि चाँद-तारा लगेच ओतू नका. बिर्याणी विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाला बिर्याणी दाखवायची असते. उर्दू मजकूर द्यायचा असेल तर तो नस्तालिक वळणात हवा. त्यासाठी नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं सुटी पडतात, म्हणून छापण्याआधी उर्दू वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.

रंग पदार्थातून उचला

पदार्थ पांढऱ्या कागदावर ठेवा, सकाळच्या सावलीतल्या उजेडात फोटो काढा आणि त्यातून रंग घ्या. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळं हळदीचं दिसतं. मराठवाड्याच्या ताटातले रंग तुम्हाला वाटतात तेवढे भडक नाहीत हे तेव्हा कळेल. ज्वारीची भाकरी राखाडीकडे झुकणारी पांढुरकी, बाजरीची हिरवट करडी. काळं तिखट खरं तर खोल तपकिरी. येसर मातकट तांबूस. भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा फिकट हिरवा, त्यात काळे डाग. अंबाडीची भाजी मळकट हिरवी आणि तिच्यावर तेलात तळलेल्या लसणाचे सोनेरी तुकडे. या मातकट रंगांत एखादाच तेजस्वी रंग येतो: लाल मिरचीचा तवंग, लिंबाची फोड, करडईचं फूल. तुमच्या रंगपटाची वाटणीही तशीच ठेवा. मोठी जागा शांत रंगाला, ठिपकाभर जागा तेज रंगाला.

दोन सावधगिरी. पडद्यावर दिसणारा झगझगीत हिरवा आणि केशरी चार रंगांच्या छपाईत मंद होतो, म्हणून फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार रंगांच्या पद्धतीत, करा. दुसरं, आपल्या गावात भगवा, निळा, हिरवा हे रंग झेंड्यांचेही आहेत. यातला एखादा रंग पूर्ण पाकिटावर पसरला की पाकीट कुणाच्या तरी बाजूचं वाटू लागतं. गटात सगळ्या समाजांच्या बायका असतील तर हा प्रश्न त्यांच्यापुढे मोकळेपणानं ठेवा.

अक्षरं

फॉन्ट निवडताना ‘अआइई’ टाइप करून बघू नका, आपले शब्द टाइप करा: गोवऱ्या, घुगऱ्या, वऱ्याचे तांदूळ, कुरडया, येळवस, ठेचा, शेंगोळे, तिळकूट. ‘ऱ्या’मधला अर्धा र नीट आला नाही तर तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही, कितीही देखणा असो. ‘ळ’ पुरेसा रुंद आहे का बघा. मराठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ येतो की हिंदी वळणाचा, तेही बघा. शासनाच्या २००९ च्या निर्णयात ही मराठी वळणं ठरवून दिलेली आहेत. आकड्यांत ५, ८ आणि ९ तपासा. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट खास मराठी वळणांचा आहे. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्टही मोफत आहेत. बालू जाड आणि गोलसर असल्यामुळे नावासाठी चांगला, बारीक मजकुरासाठी मुक्त.

गावातल्या डीटीपीच्या दुकानात अजून श्री-लिपी या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या फाइली चालतात. तुम्ही युनिकोडमध्ये केलेला मजकूर तिकडे पेस्ट केला की त्याची चिन्हं होतात. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसत असेल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय चालू करा. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं टाळा, शाई पसरून अनुस्वार बुजतात.

मजकूर बोलल्यासारखा लिहा. ‘पारंपरिक पाककृतीचा अद्वितीय आस्वाद’ हे कुणीच बोलत नाही. ‘दोन चमचे येसर, दोन पेले पाणी, लसणाची फोडणी’ असं गटातल्या मावशी सांगतात तसं लिहिलं तर वाचणारी लगेच आमटी टाकेल. प्रमाण मात्र त्यांच्याकडून करून घेऊनच लिहा.

नक्षी कुठून आणायची

वारली चित्रं पालघर-डहाणूकडच्या वारली समाजाची आहेत. मराठवाड्यातल्या चटणीवर ती लावण्यात दोन्हीकडचा अनादर आहे. केळीच्या पानाचंही तसंच. अर्धापूरकडे केळीचे मळे आहेत, पण आपल्याकडच्या पंगतीची ओळख पळसाची पत्रावळ आणि द्रोण. पत्रावळ उलटी करून बघा: पानं एकमेकांवर सरकवून बारीक काड्यांनी टाचलेली असतात आणि त्या काड्यांची छोट्या आडव्या रेघांची वर्तुळं तयार होतात. लेबलची सुंदर किनार त्यातून निघते. दुरडीची वीण, सुपाची कड, कुरडयांची वेटोळी, इरकलीचे काठ, गोधडीचे टाके हेही जवळच आहे. पैठणीचा मोर आणि हिमरूची वेलबुट्टी आपलीच, पण ती रेशमी दिमाखाची भाषा आहे. मिठाईच्या खोक्यावर शोभेल, ठेच्याच्या बाटलीवर उपरी वाटेल.

माणसांचे चेहरे वापरायचे असतील तर परवानगी लेखी घ्या आणि फोटो कुठे कुठे जाणार ते समजावून सांगा. नाव छापायचं की नाही हे त्या बाईंनी ठरवायचं, नवऱ्यानं किंवा सरपंचांनी नाही.

कायद्याचा मजकूर

हा भाग कंटाळवाणा आहे पण चुकला तर माल परत येतो. एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असणं बंधनकारक आहे, मराठी त्याच्या जोडीला देता येते. शाकाहारासाठी हिरव्या चौकोनात हिरवं वर्तुळ. या सगळ्यासाठी मागची बाजू आधीच राखून ठेवा, शेवटी कोंबू नका.

छापण्याआधी गटाकडे परत जा

नमुना मोबाइलवर दाखवू नका. खऱ्या आकारात छापा, पाकिटात खरं येसर भरा, लेबल चिकटवा आणि मग गटात नेऊन ठेवा. ‘आवडलं का?’ असं विचारलंत तर ‘लई छान झालंय’ हेच उत्तर येईल, कारण पाहुण्याला नाराज करायची आपल्याकडे रीत नाही. वेगळे प्रश्न विचारा. हे काय आहे? कुठल्या गावचं वाटतं? किती रुपयांना असेल? तुमच्या सुनेच्या माहेरी पाठवाल का? शेवटच्या प्रश्नावर बायका खरं बोलायला लागतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही हातात पाकीट द्या. येसर आणि काळं तिखट ही दोन पाकिटं त्यांना रंगावरून वेगळी ओळखता आली नाहीत तर रंग बदला. तेलाचं बोट लावून बघा. साधा कागद डागाळतो, वर पातळ लॅमिनेशन लागेल.

पहिली छपाई थोडी करा. बारा बाय अठरा इंचांच्या डिजिटल स्टिकर शीटवर कमी प्रतीही परवडतात आणि घटकांचं प्रमाण बदललं तर नुकसान होत नाही. मूळ फाइल, फॉन्ट आणि अक्षरं आउटलाइन केलेली (म्हणजे फॉन्ट नसला तरी तशीच दिसणारी) पीडीएफ अशा तिन्ही गोष्टी गटाच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवा. पुढच्या वर्षी किंमत बदलायची असेल तर त्यांना तुमच्यावर अडून राहावं लागू नये. मोजमापं, रंगांचे आकडे आणि फॉन्टची नावं एका कागदावर मराठीत लिहून तो कागद त्यांच्या हिशेबाच्या वहीत चिकटवून द्या.